वाचकांचे प्रश्न: शाळेतील रजा, राजीनामा आणि बदली

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांच्या शाळांची नावे दिलेली नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात झालेली चूक नंतर दुरुस्त करणे फार कठीण असते.

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत २०१४ पासून सहशिक्षिका आहे. पवित्र पोर्टलमार्फत (शिक्षकभरतीचे शासकीय संकेतस्थळ) माझी निवड दुसऱ्या जिल्ह्यातील एका अनुदानित संस्थेत झाली आहे. संस्थेच्या कार्यालयाने मला टंकलिखित मजकूर दिला असून ‘वैयक्तिक कारणास्तव स्वेच्छेने राजीनामा देत आहे’ एवढेच त्यात लिहिले आहे. ‘तारीख आम्ही नंतर घालू’, असेही सांगितले आहे. सही करावी का? माझी अकरा-बारा वर्षांची सेवा आणि साठलेली रजा यांचे काय होईल?

उत्तर: त्या कागदावर सही करू नये. त्यात दोन दोष आहेत आणि दोन्ही आपल्याला नडतील.

पहिला दोष तारखेचा आहे. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची पद्धत घालून दिलेली आहे. कर्मचाऱ्याने राजीनाम्याच्या दोन प्रती करायच्या, दोन्हींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाकडे नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या तारखेचा राजीनामा लिहून घेऊन तो कपाटात ठेवायचा आणि शिक्षक नकोसा झाला की बाहेर काढायचा, अशा प्रकारांना आळा बसावा, हाच या तरतुदीमागील हेतू आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ शाळेत काम केले. असा एक कागद माझ्या डोळ्यांदेखत एका सहकाऱ्याच्या विरोधात वापरला गेला, आणि सही त्याचीच असल्यामुळे त्याला बोलायला जागाच उरली नव्हती. म्हणून तारीख आपल्याच हाताने घालावी. टपाल खात्याने २०२५ मध्ये नोंदणीकृत टपालाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे, त्यामुळे पाकीट देताना ‘नोंदणी’ची सुविधा आवर्जून मागावी आणि पावती व पोच दोन्ही जपून ठेवावीत.

दुसरा दोष कारणाचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार राजीनामा दिला की मागील सेवा सामान्यतः संपुष्टात येते. मात्र योग्य मार्गाने परवानगी घेऊन दुसऱ्या पात्र सेवेत जाण्यासाठी दिलेल्या राजीनाम्याला हा नियम लागत नाही. आपण ज्याला तांत्रिक राजीनामा म्हणतो तो हाच. ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द लिहिले की आपण स्वतःहून या सवलतीबाहेर पडता. त्याऐवजी कोणत्या संस्थेत, कोणत्या पदावर, कोणत्या तारखेच्या आदेशाने निवड झाली आहे, ते पत्रात स्पष्ट लिहावे आणि ‘सदर पदावर रुजू होण्याकरिता, पूर्वीची सेवा जोडून मिळण्याच्या हक्कास बाध न येता’ असे शब्द घालावेत. पोर्टलवर अर्ज भरताना संस्थेला कळवले नसल्यास आता विलंब न लावता ना हरकत प्रमाणपत्र मागावे आणि त्याची प्रत शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या कार्यालयास द्यावी.

सूचनेच्या मुदतीकडेही लक्ष द्यावे. याच अधिनियमाखालील १९८१ च्या नियमावलीतील नियम ४० नुसार कायम कर्मचाऱ्याने तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. व्यवस्थापनाची तयारी असल्यास तेवढ्या काळाचे भत्ते वगळून वेतन भरून लवकर जाता येते. नव्या संस्थेने रुजू होण्यासाठी दिलेली मुदत बहुधा तीन महिन्यांपेक्षा बरीच कमी असते, म्हणून दोन्हींपैकी कोणत्या मार्गाने जाणार हे आजच ठरवावे आणि नव्या संस्थेकडे मुदतवाढ मागायची असेल तर तीही लेखी मागावी. कार्यमुक्तीचा दिवस आणि रुजू होण्याचा दिवस यांत अंतर राहू देऊ नये. मध्ये रविवार किंवा सुटी येत असेल तर तिची नोंद आदेशात करून घ्यावी. चार दिवसांचा सेवाखंड क्षमापित करून घेण्यासाठी चार वर्षे हेलपाटे घातलेले शिक्षक मी पाहिले आहेत.

निघताना सोबत काय न्यावे, हे आता सांगतो. कार्यमुक्ती आदेश, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि रजेचा हिशेब पूर्ण करून साक्षांकित केलेले सेवापुस्तक ही तीन कागदपत्रे हाती आल्याशिवाय शाळेचा उंबरठा ओलांडू नये. सेवा जोडली गेली तर अर्धवेतनी रजेची शिल्लकही पुढे जाते, परंतु ती सेवापुस्तकात लिहिलेली असली तरच. आपली नेमणूक १ नोव्हेंबर २००५ नंतरची असल्याने निवृत्तिवेतनाचे खाते अंशदायी योजनेत आहे. त्याचा प्रान क्रमांक (कायम खाते क्रमांक) बदलत नाही; नवा काढू नये, जुनाच नव्या संस्थेत कळवावा. ज्येष्ठता मात्र सोबत येणार नाही. नव्या संस्थेत ती रुजू झाल्याच्या दिवसापासून धरली जाईल, आणि पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक होण्याची आपली पाळी त्यामुळे लांबेल. नव्या संस्थेत जाण्यासाठी हे मोल द्यायचे की नाही, हा निर्णय आपला आहे. वेतननिश्चिती कोणत्या आधारावर होणार, हेही रुजू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

सहीसाठी दडपण आणले गेल्यास ते तारखेसह लिहून शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावे. राजीनामा बळजबरीने घेऊन सेवा संपवली गेलीच, तर कलम ९ नुसार शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यासाठी आदेश मिळाल्यापासून फक्त तीस दिवसांची मुदत असते.

प्रश्न: आम्ही दोघेही जिल्हा परिषद शाळांत शिक्षक आहोत. मी गडचिरोलीत, पत्नी कोल्हापुरात. आंतरजिल्हा बदली मिळाल्यास माझी ज्येष्ठता आणि रजा टिकेल का? शिवाय दोन वर्षे मे महिन्यात मला निवडणुकीच्या व प्रशिक्षणाच्या कामावर ठेवले होते. त्या सुटीची भरपाई मिळते का?

उत्तर: पती-पत्नी एकत्रीकरणाला बदली धोरणात प्राधान्य आहे. तरीही संवर्गाची बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही) आणि दोन्ही जिल्ह्यांतील रिक्त पदे यांवर सारे अवलंबून असते. गडचिरोलीतून कार्यमुक्त होणे हीच पुष्कळदा खरी अडचण ठरते, कारण तेथील रिक्त पदांचे प्रमाण वाढले की सोडण्यास विलंब होतो.

बदली झाल्यावर ज्येष्ठता जात नाही असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विसंबू नये. आंतरजिल्हा बदली विनंतीवरून होते आणि नव्या जिल्हा परिषदेत आपण ज्येष्ठता यादीच्या तळाशी, रुजू दिनांकापासून येता. पदवीधर शिक्षक, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख या पदोन्नतींवर त्याचा परिणाम होतो, आणि पटसंख्या घटून अतिरिक्त ठरण्याची वेळ आली तर तेव्हाही होतो. वेतन, वेतनवाढीची तारीख, निवृत्तिवेतनासाठीची सेवा आणि रजेचे खाते यांना मात्र धक्का लागत नाही, कारण ती सेवा अखंड आहे. आणखी एक व्यावहारिक बाब म्हणजे विनंतीच्या बदलीला प्रवासभत्ता व पदग्रहण अवधी (नव्या ठिकाणी रुजू होण्यासाठीचे दिवस) मिळत नाही. महाराष्ट्राच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बिऱ्हाड हलवायचे आहे, तेव्हा त्या दिवसांसाठी रजेचा अर्ज आधीच देऊन ठेवावा.

आता सुटीतील कामाविषयी. दीर्घ सुटीचा लाभ घेणाऱ्या शिक्षकांना त्या वर्षासाठी अर्जित रजा मिळत नाही, त्यांच्या खात्यात वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. परंतु सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशामुळे सुटी उपभोगता आली नाही, तर गमावलेल्या दिवसांच्या प्रमाणात अर्जित रजा देय होते. हे प्रमाण ३० दिवसांवर मोजले जाते. समजा, वर्षातील दीर्घ सुट्या मिळून ६० दिवस होत्या आणि त्यांतील १५ दिवस आपण कर्तव्यावर होता, तर साडेसात दिवसांची अर्जित रजा येते. हा लाभ मागितल्यावाचून कोणी देत नाही. नियुक्ती आदेश, हजेरी आणि कार्यमुक्ती पत्र यांच्या प्रती जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा आणि सेवापुस्तकात नोंद झाल्याचे स्वतः वाचून पाहावे. आपल्या बाबतीत ही नोंद गडचिरोलीत असतानाच होणे अत्यावश्यक आहे. कोल्हापूरच्या कार्यालयाला तेथील मे महिन्यातील हजेरी कशी पडताळता येणार?

प्रश्न: माझी मुलगी दहावीत आहे. मी अनुदानित शाळेत शिक्षिका असून दोन महिन्यांची बालसंगोपन रजा मागितली, तेव्हा मुख्याध्यापकांनी ‘ही रजा फक्त तान्ह्या बाळांसाठी असते’ असे तोंडी सांगून अर्ज परत केला.

उत्तर: त्यांचे म्हणणे बरोबर नाही. राज्य शासनाने २०१८ मध्ये लागू केलेली ही रजा अपत्य १८ वर्षांचे होईपर्यंत घेता येते. संपूर्ण सेवेत ती कमाल १८० दिवस मिळते आणि एका वर्षात दोन महिन्यांपर्यंत घेता येते. प्रसूती रजेचे १८० दिवस वेगळे आहेत. मुख्याध्यापक या दोन रजांची गल्लत करत असावेत.

दुसरी बाजूही सांगतो. कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही. शाळेच्या निकडीमुळे ती नाकारली किंवा पुढे ढकलली जाऊ शकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडेही दहावीचा वर्ग असेल, तर त्या वर्गातील इतर मुलींचाही विचार मुख्याध्यापकांना करावा लागतो, आणि तो करणे योग्यच आहे. म्हणून नोव्हेंबरपासून टप्प्याटप्प्याने रजा मागावी, आपल्या तासिका कोण घेणार याचा प्रस्ताव सोबत जोडावा. मात्र अर्ज तोंडी परत करणे नियमाला धरून नाही. अर्ज आवक नोंदवहीत नोंदवून, आवक क्रमांकासह प्रत घ्यावी. नकार द्यायचा असेल तर तो कारणासह लेखी द्यावा, अशी नम्र विनंती करावी. तसेच बालसंगोपन रजेच्या अर्जावर आपल्या लेखी संमतीशिवाय अर्धवेतनी रजा मंजूर करता येत नाही, कारण मागितलेल्या रजेचा प्रकार मंजुरी देणाऱ्याने परस्पर बदलायचा नसतो.

प्रश्न: मी विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सात वर्षे शिकवून नोकरी सोडली. ‘शिक्षकांना उपदान (ग्रॅच्युइटी) नसते’, असे शाळा म्हणते.

उत्तर: असते. उपदान प्रदान अधिनियमात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे) २००९ मध्ये केलेल्या दुरुस्तीने शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने त्याचा लाभ मिळाला, आणि खाजगी शाळांनी त्या दुरुस्तीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये फेटाळले. सलग पाच वर्षे सेवा झाली असेल तर राजीनामा दिला तरी हक्क राहतो. शेवटचे मासिक वेतन (मूळ वेतन अधिक महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षे, असा हिशेब आहे. शाळेकडे विहित नमुन्यात लेखी अर्ज करावा. तिने नकार दिला किंवा दाद दिली नाही, तर आपल्या भागातील कामगार कार्यालयात उपदानाचे दावे ऐकणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे जावे. तेथे नेमणूकपत्र आणि बँकेतील वेतनाच्या नोंदी लागतील. वेतन रोखीने मिळत असेल तर हजेरीपत्रकाची छायाचित्रे, मुलांच्या प्रगतिपुस्तकांवरील आपल्या सह्या आणि शाळेने दिलेले अनुभव प्रमाणपत्र यांचाही उपयोग होतो.