आयर्लंडचा फुटबॉलपटू पॉल मॅकग्राने इंग्लंडची लीग एकदाही जिंकली नाही, मग त्याला इतका थोर बचावपटू का मानतात?

तुमचं म्हणणं खरं आहे, इंग्लंडच्या लीगचं विजेतेपद त्याच्या नावावर नाही. १९८२ ते १९८९ तो मँचेस्टर युनायटेडकडे होता आणि त्या वर्षांत युनायटेडलाच लीग जिंकता आली नाही. पुढे ॲस्टन व्हिला या क्लबकडून खेळताना दोनदा दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावं लागलं. तरीही आयर्लंडचा आजवरचा सर्वोत्तम बचावपटू कोण, असं कुणी विचारलं तर मी बेधडक मॅकग्राचं नाव घेईन. त्यामागचं कारण कळायचं तर आधी त्याच्या गुडघ्यांविषयी बोलावं लागेल.

जन्म लंडनचा, आई आयरिश, वडील नायजेरियन. बालपण गेलं डब्लिनच्या अनाथाश्रमांत. सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक या डब्लिनच्या क्लबकडून चमकल्यावर युनायटेडने त्याला घेतलं. १९८५च्या एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बचावातला त्याचाच जोडीदार केव्हिन मोरान याला पंचांनी मैदानाबाहेर काढलं. तरी दहा जणांच्या युनायटेडने एव्हर्टनला १-० असं हरवलं. मोरान गेल्यावरचा मॅकग्राचा खेळ मुद्दाम बघण्यासारखा आहे.

तोवर गुडघ्यांवर शस्त्रक्रिया सुरू झाल्या होत्या. दारूचं व्यसनही होतं, त्याविषयी तो स्वतः पुढे मोकळेपणाने बोलला आहे. अखेर युनायटेडने त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला: एक लाख पौंड घे आणि निवृत्त हो. वय अजून तिशीच्या आत. त्याने नकार दिला, आणि १९८९मध्ये व्हिलाचे व्यवस्थापक ग्रॅहम टेलर यांनी त्याला चार लाख पौंडांत व्हिलामध्ये आणलं.

खरी कारकीर्द इथून पुढची. व्हिलाचे फिजिओ जिम वॉकर यांनी त्याचा सराव जवळपास बंदच केला. बाकीचे मैदानावर घाम गाळत, तेव्हा हा फार तर व्यायामाची सायकल चालवायचा आणि शनिवारी थेट सामन्याला उतरायचा. सरावाशिवाय वरच्या दर्जाचं फुटबॉल खेळणं किती अवघड असतं, हे थोडंफार खेळलेल्या कुणालाही कळेल. धावण्याची चैन परवडत नाही म्हटल्यावर चेंडू कुठे येणार हे आधीच ताडावं लागतं. मॅकग्रा ते ताडायचा. म्हणून तो क्वचितच घसरून टॅकल करताना, म्हणजे पायाने चेंडू हिसकावताना, दिसतो; पास निघायच्या आधीच दोन पावलं सरकलेला असतो.

१९९२-९३ हा प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या नव्या रूपातल्या सर्वोच्च लीगचा, पहिला हंगाम. विजेते युनायटेड, व्हिला दुसरे. पण त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी मतं दिली ती मॅकग्राला. वय ३३. त्याच्यासमोर आठवड्यामागून आठवडे खेळणाऱ्यांचं हे मत मला लीगच्या पदकापेक्षा वजनदार वाटतं. पुढच्याच वर्षी लीग कप या इंग्लंडच्या दुसऱ्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात व्हिलाने युनायटेडला ३-१ हरवलं, त्या संघातही तो होता.

आणि मग १८ जून १९९४, न्यू जर्सीचं जायंट्स स्टेडियम, विश्वचषकात आयर्लंडसमोर इटली. आयर्लंडच्या रे हॉटनने सुरुवातीलाच गोल केला. उरलेला जवळजवळ सगळा सामना तो एक गोल राखायचा होता, समोर इटलीचा तारांकित आक्रमक रॉबर्टो बॅज्जो. मॅकग्राचा डावा खांदा आजाराने इतका धरला होता की हात नीट वर होत नव्हता. त्या अवस्थेत तो उड्या घेऊन हेडर मारत होता, पाठोपाठ चेंडू अडवत होता, एक फटका तर त्याने सरळ तोंडावर घेतला. आयर्लंड १-० जिंकलं. हीच इटली पुढे अंतिम फेरीत पोचली.

आयर्लंडकडून ८३ सामने खेळून, शेवटी डर्बी काउंटी आणि शेफील्ड युनायटेड हे क्लब करून तो १९९८मध्ये थांबला. तुम्हाला वेळ असेल तर इटलीचा तो सामना पूर्ण बघा, नुसती क्षणचित्रं नकोत. चेंडू इटलीच्या मधल्या फळीकडे असताना नजर मॅकग्रावर ठेवा. तो कुठे उभा आहे आणि तिथे का उभा आहे, ते पुढच्या पासला कळतं.