दोन पिकं आली म्हणून रडतेस?

प्रिय पोरी,

तुझं पत्र वाचलं. ९० नॅनोमीटरची बिस्मथ फेराइटची फिल्म, खाली सबस्ट्रेट (जिच्यावर फिल्म वाढते ती स्फटिकाची चकती) लँथनम ॲल्युमिनेटचा, आणि एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात, एकाऐवजी दोन पिकं, म्हणजे शिखरं: एक ३८.७ अंशांना, दुसरं ४५.५ च्या आसपास. 'फिल्म वाया गेली' असं लिहिलंयस. शेतकऱ्याला दोन पिकं मिळाली तर तो पेढे वाटतो, आणि तू रडत बसलीस!

बिस्मथ फेराइटच्या घनासारख्या कोशाची (स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या चौकटीची) बाजू सुमारे ३.९६ अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग), तुझ्या सबस्ट्रेटची ३.७९. म्हणजे चारही बाजूंनी चार टक्क्यांहून जास्त दाब. लोकलच्या गर्दीत माणूस अंग चोरून ताठ उभा राहतो, तसा कोश उंच होतो. पण उंची थेट ४.६५ वर जाते, आणि नुसत्या दाबानं एवढं होत नाही. लोखंडाभोवती सहा ऑक्सिजनांचा अष्टफलक असतो, त्यातला एक ऑक्सिजन इतका लांब जातो की पाचांचा पिरॅमिडच उरतो. रचनाच दुसरी झाली. हीच फिल्म स्ट्रॉन्शियम टायटनेटवर वाढव, दाब जेमतेम दीड टक्का, आणि मूळ रचना थोडी वाकून तशीच राहील. ताण हळूहळू वाढवला म्हणून फेज, म्हणजे स्फटिकाचं रूप, हळूहळू बदलत नाही. एका टप्प्यावर ती उडी मारते.

मग दुसरं पीक कशाचं? जाडी वाढली की साठलेली ताणाची ऊर्जाही वाढते. ती परवडेनाशी झाली की फिल्मचा काही भाग रॉम्बोहेड्रलसारख्या (कर्णाच्या दिशेनं ताणलेल्या घनासारख्या) जुन्या रूपाकडे परततो, तोही पट्ट्यापट्ट्यांनी. बर्कलीच्या आर. रमेश यांच्या गटानं २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये नेमकं हेच मिश्रण मांडलं. विद्युतक्षेत्र दिलं की एक रूप दुसऱ्यात जातं आणि पृष्ठभाग नॅनोमीटरच्या मापात वर-खाली होतो. पीझेडटीत, म्हणजे लेड झिर्कोनेट टायटनेटमध्ये, हे साधायला शिसं लागतं, आणि झिर्कोनियम-टायटॅनियमचं प्रमाण जुळवत बसावं लागतं. इथं नुसता सबस्ट्रेट बदलून काम होतं. तू ज्याला बिघाड म्हणतेस, लोक ते मुद्दाम करायला धडपडतात.

आता माझी फजिती ऐक. सुरुवातीच्या दिवसांत असंच एक पीक मिळालं आणि मी दोन आठवडे हवेत होतो. निघालं काय, तर नमुना हीटरला चिकटवायची सिल्व्हर पेस्ट! चांदीचं १११ पीक (असे आकडे पीक स्फटिकातल्या कोणत्या थरांचं ते सांगतात) ३८.१ ला येतं, तुझ्या पिकाच्या अगदी शेजारी. तेव्हा आधी १९ अंशांजवळ बघ. खरी फेज असेल तर तिथं ००१ चं पीक दिसेल. चांदीला तिथं काहीच नसतं. आणि वाढवण्याआधी कोऱ्या सबस्ट्रेटचा स्कॅन घेत जा. लँथनम ॲल्युमिनेट साधारण ५४० अंश सेल्सिअसला स्वतःच फेज बदलतो, त्यामुळे थंड होताना त्यात जुळे स्फटिक पडतात. त्यांनी फाटलेलं पीक फिल्मच्या नावावर खपवणारे मी बरेच पाहिलेत.

जाडीची मालिका मात्र करच: २०, ४०, ६०, ९०. तापमान, ऑक्सिजनचा दाब, लेझरची ऊर्जा, कशालाही हात लावू नकोस. एका वेळी दोन गोष्टी बदलायचा मोह मला अजूनही होतो, म्हणून सांगतोय.

अहवालात 'टेट्रॅगोनल', म्हणजे चौरस पायावर सरळ उभा कोश, असं ठोकून देऊ नकोस. १०३ भोवती रेसिप्रोकल स्पेस मॅप, म्हणजे एका पिकाभोवतीचा क्ष-किरणांचा द्विमितीय नकाशा, घे. डाग तीन दिसले आणि ११३ भोवती दोन, तर ती मोनोक्लिनिक, म्हणजे किंचित कललेली, आहे, 'टेट्रॅगोनलसारखी' म्हण. गाईडला हा 'सारखी' खटकेल, पण तू अडून राहा.

९० ची फिल्म फेकली नसशील अशी आशा आहे. डबीवर तारीख टाक, उद्या एएफएमखाली (पृष्ठभागाचे चढउतार टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) ठेव आणि पट्ट्यांचा फोटो मला पाठव. पट्टे कोणत्या दिशेनं धावतात तेही लिही, कोनासकट.

तुझा,
सर