बेळगावात घर पाडल्यावरचा राडारोडा आणि घरातला कचरा स्वतः तुरमुरीच्या कचरा डेपोत नेऊन टाकता येतो का?

ट्रॅक्टर सांगायच्या आधी जरा थांबा. वडगावातलं जुनं मातीच्या भिंतींचं घर पाडताय म्हणता, तर त्यातला बराचसा माल टाकायचा नसतोच.

आम्ही शहापुरात परसातली न्हाणी आणि मागचा सोपा पाडला. गवंड्यानं सगळं एकाच ढिगात ओढलं: विटा, माती, फुटकी कौलं, माळ्यावरच्या चिंध्या, रंगाचे डबे, दोन ट्यूबलाइटी. ट्रॉली म्हणजे साधारण एक ब्रास (शंभर घनफूट), वजन साडेतीन-चार टन. असला खिचडी माल कोण घेणार? ट्रॉलीवाला म्हणाला, "काका, तुम्ही नका काळजी करू, मी बघतो." त्यानं बघितलं ते बळ्ळारी नाल्याच्या काठावर. तो नाला तुंबला की शिवारातलं भात पाण्याखाली जातं, आणि आमच्या चुलत्यांचं शेत तिथंच. पुढं महिनाभर घरात काय ऐकावं लागलं ते विचारू नका.

नंतरच्या ट्रॉल्या मी उभा राहून भरून घेतल्या. अख्ख्या विटा खरडून बाजूला रचल्या, कुंपणाच्या भिंतीला झाल्या. धड मंगळुरी कौलं आणि सागवानी चौकटी घ्यायला गिऱ्हाईक दारात आलं. भिंतींची माती परसात पसरली, विटांचे तुकडे नव्या जोत्याच्या भरावात गेले. चार ट्रॉल्यांचं काम दीड ट्रॉलीत आटपलं.

वेंगुर्ला रोडवरचा तुरमुरीचा डेपो शहराच्या रोजच्या कचऱ्यासाठी आहे. घरातला ओला-सुका कचरा वेगवेगळा करून घंटागाडीला द्या, त्यासाठी तिकडं जायचं कारण नाही. ट्यूबलाइटीत पारा असतो. त्या, रंगाचे डबे आणि बॅटऱ्या वेगळ्या पिशवीत ठेवा. उरलेला राडारोडा कुठं उतरवायचा ते पाडकामाच्या आधीच वॉर्डाच्या आरोग्य निरीक्षकांना विचारून घ्या, ट्रॉलीवाल्याला नव्हे. केंद्राच्या 2016 च्या नियमांत दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टन राडारोडा काढणाऱ्यावर काँक्रीट, माती, विटा आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळं करायची सक्ती होती. सहा ट्रॉल्या एका दिवसात काढल्या की तो 20 टनांचा आकडा गाठलाच म्हणायचा. म्हणून घाई नको.

आणि पहिल्या ट्रॉलीबरोबर स्वतः जा. मडगार्डवर बसून कंबर धरते, धरू दे. भाडं माल उतरल्यावरच द्या.