पप्पा माजी सैनिक आहेत, मग बीएस्सी घेऊ की इंजिनिअरिंग?

सातारा जिल्ह्यातून एका मुलीचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालीये म्हणून छापत नाही. पप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले, आता एटीएमवर रात्रपाळीला सिक्युरिटीत असतात. हिला बारावी सायन्सला ६८ टक्के पडलेत, सीईटीचा स्कोअर बरा आहे, मनातून बीएस्सी मॅथ्स करायचंय, पण काका म्हणतात फौजीच्या पोरांना स्कॉलरशिप फक्त इंजिनिअरिंगलाच मिळते, बीएस्सी केलंस तर एक रुपया नाही. धाकटा भाऊ नववीत आहे. आणि पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं : "पप्पा सैनिक कार्यालयात जायला तयार नाहीत, म्हणतात आपण मागायला जायचं नाही. त्यांच्या डिस्चार्ज बुकात माझं नाव पिंकी असं आहे, त्याने काही फरक पडतो का?"

पडतो गं. सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो, म्हणून कोर्सचं नंतर बोलू, आधी या पिंकीचं बघू.

तू जन्मलीस तेव्हा पप्पा कुठेतरी पोस्टिंगवर असणार, घरून फोन गेला असेल मुलगी झाली म्हणून, युनिटच्या क्लार्कने विचारलं नाव काय, त्यांनी घरात जे म्हणत होते ते सांगितलं, पार्ट टू ऑर्डर म्हणजे युनिटची अधिकृत नोंद निघाली, विषय संपला. शाळेत नाव घातलं ते वेगळं. आता दहावीचं सर्टिफिकेट, आधार, बँकेचं खातं सगळं शाळेच्या नावावर आणि लष्कराच्या कागदात तू पिंकी, म्हणजे सैनिक कार्यालयाच्या दृष्टीने या दोन वेगळ्या मुली. माझ्याकडे फौजी घरातली जी पोरं येतात त्यांच्यात ही भानगड इतक्यांची असते की मी आता मार्कशीटच्या आधी डिस्चार्ज बुक (निवृत्त होताना लष्कराकडून मिळतं ते) आणि पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, बघायला मागते. कुणाची जन्मतारीख वेगळी, कुणाचं आडनाव गाळलेलं, एकाच्या तर धाकट्या भावाची नोंदच झालेली नव्हती. तुझ्या भावाचंही नाव बघून घे लगे हाथ.

दुरुस्ती होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त वेळ जातो. अर्ज पप्पांनीच करायचा असतो, त्यांच्या रेकॉर्ड ऑफिसकडे, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. तुझा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, आणि पिंकी व अमुकतमुक ही एकच मुलगी आहे असं प्रतिज्ञापत्र, हे सगळं जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा, स्वतःच पोस्टात टाकून मोकळे होऊ नका, कारण कार्यालयाच्या कव्हरिंग लेटरने गेलं की मागे लागायला एक जावक नंबर हातात असतो. पोच आली नाही तर त्या नंबरावर विचारता येतं. आणि हे आज करायचं, अॅडमिशन झाल्यावर निवांत नाही, कारण दुरुस्ती होऊन यायला महिने लागतात आणि तुझ्या अर्जांच्या तारखा तेवढं थांबत नाहीत.

आता काकांचं. काका अर्धं बरोबर बोलतायत आणि अर्ध्या माहितीवरच घराघरात पोरांचे कोर्स ठरतात, हे माझं जुनं दुखणं आहे. ते ज्या स्कॉलरशिपबद्दल बोलतायत ती पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना, केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळते, २००६-०७ पासून चालू आहे. वर्षाला देशभरात ५५०० मुलांना देतात, निम्म्या मुली निम्मे मुलगे, मुलींना महिना ३००० आणि मुलांना २५००. ही खरंच फक्त प्रोफेशनल कोर्सला आहे, बीई, एमबीबीएस, नर्सिंग, फार्मसी, बीसीए, बीबीए वगैरे, साध्या बीएस्सीला नाही. बारावीला ६० टक्के लागतात, तुला ६८ आहेत म्हणजे अर्ज करता येईल, पण ६० म्हणजे नुसतं दारात उभं राहायची परवानगी, यादी लागते ती मेरिटने आणि त्यातही आधी युद्धात शहीद झालेल्यांची, जखमी होऊन अपंगत्व आलेल्यांची मुलं घेतात, जे बरोबरच आहे. तुझ्या पप्पांसारख्या नॉर्मल रिटायर झालेल्या जवान-जेसीओंची (जेसीओ म्हणजे सुभेदारासारखे, हवालदाराच्या वरचे) मुलं शेवटच्या गटात येतात आणि गर्दी तिथेच असते. तेव्हा ६८ टक्क्यांवर ही मिळेलच असं धरून इंजिनिअरिंगला जाणं मला पटत नाही.

मिळाली असं धरलं तरी हिशोब बघ. महिना ३००० म्हणजे वर्षाचे ३६,०००, चार वर्षांचे १,४४,०००, पुढच्या प्रत्येक वर्षाला ५० टक्के टिकवले तर. पैसे दर महिन्याला येत नाहीत, वर्षाचे एकदम खात्यात पडतात, आणि पहिल्या वर्षीचा अर्जच मुळात प्रवेश झाल्यावर, साधारण दिवाळीच्या आगेमागे भरला जातो, म्हणजे अॅडमिशनच्या वेळची फी त्यातून भरू असा विचार कुणी करत असेल तर तो आत्ताच सोडा.

बीएस्सीला एक रुपया नाही, हे मात्र साफ चूक. रक्षा मंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शैक्षणिक मदत मिळते, हवालदार आणि त्याखालच्या रँकच्या माजी सैनिकांच्या मुलांना, पहिलीपासून साध्या पदवीपर्यंत, दोन मुलांपर्यंत. आधी महिना १००० होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २००० केलेत. पप्पांना पेन्शन आहे म्हणून ही बंद होत नाही. अट एवढीच की गेल्या वर्षी किमान ५० टक्के हवेत, पास झालेल्या वर्षाचं मार्कशीट लावून अर्ज करायचा. म्हणजे तू बीएस्सी केलंस तर वर्षाला २४,०००, आणि तुझ्या भावाला आजही वर्षाला २४,००० बसतात, तो आठवी पास होऊन नववीत गेला तेव्हाच अर्ज करता आला असता! तुमच्या घरात कुणालाच हे माहीत नाही असं पत्रावरून दिसतंय, आणि एटीएमच्या ड्युटीवर पप्पा एक रात्र काढून किती कमावतात ते तूच बघितलेलं आहेस, मी काय सांगू.

आणि खरी गोष्ट तर पुढे आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती बीएस्सीला नसली तरी बीएस्सीनंतरच्या बीएडला आहे, एमसीएलाही आहे, तेव्हा पात्रता म्हणून पदवीचे ६० टक्के धरतात. तू लिहिलंयस की शिकवायला आवडतं, गल्लीतल्या पोरांची गणितं तूच घेतेस. मग बीएस्सी मॅथ्स कर, त्या वर्षांत कल्याण निधीची मदत घे, आणि पुढे बीएड किंवा एमसीएला प्रवेश घेशील तेव्हा पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज टाक. बारावीच्या ६८ टक्क्यांपेक्षा आवडीच्या विषयातले पदवीचे मार्क नक्की चांगले असतील, मेरिटला तेच उपयोगी पडतील. फक्त एक डोक्यात कोरून ठेव, हा अर्ज कोर्सच्या पहिल्या वर्षीच करायचा असतो, पहिलं वर्ष हुकलं की त्या कोर्सपुरती संधी गेली, दुसऱ्या वर्षी जाऊन कितीही विनवण्या करा. माझ्याकडे दरवर्षी एखादी तरी मुलगी सेकंड इयरला असताना हे विचारायला येते आणि मला तिला नाही सांगावं लागतं.

इंजिनिअरिंगवर फुली मार असं मी म्हणत नाहीये. मनातून करायचं असेल तर पैशाची बाजू तितकी अवघड नाही, कारण महाराष्ट्रात २०२४-२५ पासून कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तू कॅटेगरी लिहिली नाहीस, पण बसत असशील तर हीच मदत शिष्यवृत्तीपेक्षा कितीतरी मोठी आहे, मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर मात्र ती नाही. शिवाय कॅपच्या फॉर्ममध्ये डिफेन्स कोटा आहे, ५ टक्के जागा, महाराष्ट्राचं डोमिसाइल असलेल्या माजी सैनिकांची मुलं डेफ-१ मध्ये येतात. ते फॉर्म भरतानाच निवडायचं आणि सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला व्हेरिफिकेशनला हातात हवा, नंतर आणून देते चालत नाही. पण कोटा आहे, फी माफ आहे म्हणून चार वर्षं न आवडणारं शिकायचं का, हा प्रश्न काकांना नाही, स्वतःला विचार.

राहण्याचं तू विचारलं नाहीस तरी सांगते, राज्याच्या सैनिक कल्याण विभागाची वसतिगृहं आहेत, मुलांची वेगळी मुलींची वेगळी, साताऱ्यात आहे, पुण्यात, कोल्हापुरातही आहे. कॉलेज ठरलं की लगेच तिथे चौकशी कर, खोल्या भरतात. आणि दवाखान्याचं, पप्पांचं ईसीएचएस कार्ड, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, झालेलं असेलच, त्यात तुझं कार्ड लग्न होईपर्यंत किंवा कमवायला लागेपर्यंत चालतं, भावाचं जास्तीत जास्त पंचविसाव्या वर्षापर्यंत. तिथेही नाव पिंकीच असेल तर तेही दुरुस्त करून घ्यावं लागेल.

आता पप्पांचं. आपण मागायला जायचं नाही, हे मी पोरांकडून फार ऐकते, आणि त्या पिढीचा तो ताठा मला कळतो, त्याची टिंगल मी करणार नाही. पण त्यांना हे विचार, दर ७ डिसेंबरला ध्वजदिनाच्या निधीसाठी गावोगाव पैसे गोळा होतात ते कुणासाठी? तुला सांगितलेली ती महिना २००० ची मदत ध्वजदिन निधीच्या पैशातूनच येते. आणि त्या ऑफिसात समोर बसलेले बरेचसे माजी सैनिकच असतात, कल्याण संघटक म्हणून जो माणूस असतो तो तर फौजेतूनच आलेला असतो आणि ठरलेल्या दिवशी तालुक्याला दौऱ्यावरही येतो, तेव्हा साताऱ्याला जायला नको वाटत असेल तर तहसीलला तो कधी येतो ते फोन करून विचार आणि पप्पांना चहाला म्हणून घेऊन जा. युनिट कुठलं, कुठे कुठे पोस्टिंग, यातच त्यांचा अर्धा तास जाईल, अर्जाचं तू बघ.

त्यांचं स्वतःचंही काम आहे तिथे. त्या ऑफिसात नोकरीसाठी नाव नोंदवता येतं. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, वयातही सवलत मिळते, आणि केंद्राच्या गट क मध्ये दहावी पास व १५ वर्षं सेवा झालेल्याला जिथे साधी पदवी मागितलीये तिथे पदवीधर धरतात. सिक्युरिटीच करायची असेल तर पुण्यातलं माजी सैनिक महामंडळ, मेस्को, त्याच्यामार्फत जाणं आणि कुठल्यातरी ठेकेदाराकडे बारा तास उभं राहणं यात फरक आहे. आणि हो, घरपट्टी भरता का अजून? राज्याने २०२० मध्ये माजी सैनिकांना ती माफ केलीये, एका घरापुरती, त्याचाही दाखला सैनिक कल्याण कार्यालयातूनच मिळतो, ग्रामपंचायतीत नेऊन द्यायचा.

भावाबद्दल तू एकच ओळ लिहिलीयेस, त्याला एनडीएचं वेड आहे. मग त्याला आत्तापासून सांग की छत्रपती संभाजीनगरला सरकारची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था आहे, सगळे तिला एसपीआय म्हणतात, दहावीत असतानाच तिची प्रवेश परीक्षा द्यायची असते आणि अकरावी-बारावी तिथेच राहून एनडीएची तयारी होते. एनडीए नाही जमलं आणि इंजिनिअरिंगकडे वळला तर पुण्यात दिघीचं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी फक्त आर्मीवाल्यांच्या मुलांसाठीच आहे, तिथे राज्याची सीईटी नाही, जेईई मेन लागते आणि अर्ज वेगळा भरावा लागतो, तुला हे आधी कुणी सांगितलं असतं तर तूही जेईई दिली असतीस.

तर या आठवड्यात डिस्चार्ज बुक, पीपीओ, तुझा आणि भावाचा जन्मदाखला असं सगळं एका फाइलला लाव, दोन दोन झेरॉक्स काढ. कॅपचा फॉर्म भरून ठेव, बीएस्सीच्या कॉलेजचाही भर, दोन्हीच्या याद्या लागेपर्यंत काकांना काहीच उत्तर देऊ नकोस. आणि पत्रात खाली सही करताना तू कंसात पिंकी लिहिलंयस, अर्जावर तसं लिहू नकोस.