फोटो त्याचा, पण हक्क कोणाचा?

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फोटोग्राफीतच करिअर करायचं म्हणतो. गड्डा यात्रेतला त्याचा नंदीध्वजांचा फोटो एका दुकानदाराने न विचारता कॅलेंडरवर छापला. मित्र सांगतात, सगळे फोटो खुल्या परवान्याने (म्हणजे अटी पाळून कुणीही फुकट वापरावेत अशा परवानगीने) विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या फोटो-संग्रहावर टाक, नाव होईल. काय करावं? – एक आई, सोलापूर

उत्तर : ताई, तो फोटो त्याने स्वतःहून काढला, म्हणजे कॉपीराइट त्याचाच. १९५७ च्या कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. हा हक्क हयातभर आणि पुढे ६० वर्षं राहतो. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल जपून ठेवा, पुरावा म्हणून ती लागेल. दुकानदाराला पत्र देऊन मोबदला मागा. संकोच करू नका.

लग्नाच्या ऑर्डरचं मात्र उलट आहे, आणि नव्या मुलांना हे कुणी सांगतच नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ऑर्डर देणारा असतो. स्टुडिओत नोकरी असेल तर स्टुडिओ. म्हणून ॲडव्हान्स घेतानाच कागदावर लिहून घ्यावं : ‘कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, निवडक फोटो तो कामाचे नमुने म्हणून दाखवू शकेल.’ हक्क विकतानाही मुदत लिहावी. नाही लिहिली तर कायदा ५ वर्षं धरतो.

खुला परवाना मला मनापासून पटतो. भुईकोट किल्ल्याचे, सिद्धेश्वर तलावाचे चांगले फोटो सगळ्यांना मिळायलाच हवेत. पण ‘सगळे’ फोटो नकोत. असे फोटो टाकताना वापरतात तो क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचा तयार खुला परवाना एकदा दिला की मागे घेता येत नाही. शिवाय ‘व्यावसायिक वापर नको’ अशी अट विकिमीडिया कॉमन्सवर चालत नाही. म्हणजे पुढच्या वर्षी तोच दुकानदार, याचं नाव आणि परवाना छापून, एक रुपयाही न देता कॅलेंडर काढू शकेल आणि तक्रारीला जागा उरणार नाही. विकले जातील असे फोटो आधी बाजूला काढू द्या, मग उरलेल्यांतले निवडून टाकू द्या. कुणाचा चेहरा जाहिरातीत जाणार असेल तर त्या माणसाची लेखी परवानगी वेगळी घ्यायची.

बी.कॉम. सोडू देऊ नका. कोटेशन, बिल, करार हे सगळं त्याला रोज लागणार आहे. आपल्याकडे चादर-टॉवेलवाल्यांना ऑनलाइन विक्रीसाठी मालाचे फोटो लागतात. लग्नाच्या तारखा नसतात तेव्हा हे काम धरता येईल. पहिली ऑर्डर घेताना फोटो कुठे आणि किती काळ वापरणार, हे कोटेशनमध्येच लिहायला सांगा.