शाळेत शांत, घरी चिडचिड : एका विशेष शिक्षिकेचा प्रश्न

"मॅडम, शाळेत दिवसभर मी शांत असते. घरी आले की माझ्याच लेकरांवर खेकसते. असं का होतं?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मला इतक्या जणींनी विचारला आहे की त्याच्या मागोमाग येणारा दुसरा प्रश्नही आता पाठ झाला आहे : "मी निबर तर झाले नाही ना?" विचारणाऱ्या बहुतेक जणी विशेष शाळांतल्या शिक्षिका असतात. त्यांच्या जोडीला जिल्हा परिषदेच्या शाळांत फिरून दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षिका, निवासी शाळांतले काळजीवाहक, क्वचित एखादा फिजिओथेरपिस्ट. या सगळ्यांना मी जे सांगते ते मीनलच्या हकिकतीतून सांगणं सोपं जाईल. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही. "लिहाच तुम्ही," असं तीच म्हणाली होती.

मीनल बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळेत शिकवते. विशेष शिक्षणाची पदविका घेतल्यापासून तिनं दुसरी नोकरी केलेली नाही. माझ्याकडे ती आली ती एका थपडेमुळे. सातवीतल्या मुलीचं गणित चुकलं, मीनलनं तिच्या गालावर मारली. मुलगी रडली नाही. तिनं विचारलं, "आई, शाळेतल्या मुलांना पण तू अशी मारतेस का?"

"मारत नाही हो मॅडम, कधीच नाही," मीनल मला म्हणाली. "हेच तर वाईट आहे. परक्यांच्या मुलांसाठी सगळा संयम, आणि पोटच्या पोरीसाठी काहीच नाही."

तिला रागावर इलाज हवा होता. त्याआधी तिनं प्राणायामाचा वर्ग लावून पाहिला होता, मोबाइलवर आकडे मोजायचं कुठलंसं अ‍ॅप घेतलं होतं. मी रागाला हातच घातला नाही. तिला वर्गाबद्दल बोलू दिलं. बटण लावायला शिकवायचं म्हणजे शेवटचं बटण आधी शिकवायचं, म्हणजे मुलाला काम पूर्ण केल्याचा आनंद लगेच मिळतो. पाळी आलेल्या मुलीला पॅड बदलायला शिकवताना लाल रंग लावलेलं पॅड कसं वापरायचं. आकडी आली की मुलाला कुशीवर वळवायचं आणि तोंडात काही घालायचं नाही. ती बोलत होती तेव्हा आपल्या कामात मुरलेलं माणूस माझ्यासमोर होतं.

मग मी विचारलं, "आणि या कामाचा त्रास काय होतो?"

"त्रास कसला? पुण्याचं काम आहे."

एप्रिलचा महिना होता आणि तिनं मनगटापर्यंत बाह्यांचा कुर्ता घातला होता. मी नुसतं बाहीकडे पाहिलं. तिनं ती वर सारली. दंडाच्या खाली दातांची निळसर खूण होती, शेजारी जुने ओरखडे.

"सोहम. चौदा वर्षांचा आहे. त्याला बोलता येत नाही. प्रार्थनेच्या वेळी आवाज वाढला की तो सैरभैर होतो आणि जवळ असेल त्याला चावतो. मुद्दाम नाही करत."

"घरी सांगितलंत?"

"नाही. हे म्हणतील, नोकरी सोड."

"मुख्याध्यापकांना?"

"त्यांना वाटेल मला वर्ग सांभाळता येत नाही. शिवाय लेखी नोंद झाली की सोहमच्या आईला बोलावणार. ती माउली आधीच मला म्हणालेली आहे, तुम्ही निदान साडेचारला सुटता, आम्ही कुठं जायचं?"

माझ्या दृष्टीनं सगळी केस या उत्तरात होती. नवऱ्याला सांगायचं नाही, संस्थेला सांगायचं नाही, पालकांसमोर तर तोंडच उघडायचं नाही. उरलं कोण? जिच्यापुढे आपली नोकरी जात नाही आणि आपलं पुण्यही कमी होत नाही, अशी बारा वर्षांची मुलगी. शाळेत मीनल जो संयम खर्च करत होती तो उधारीवरचा होता, आणि त्याची वसुली रोज संध्याकाळी घरात होत होती. मुलीवरचं प्रेम आटलं म्हणून ती ओरडत नव्हती. घर ही तिला चांगलं असण्याची सक्ती नसलेली एकमेव जागा होती.

हे मी तिला लगेच सांगितलं नाही. समुपदेशकाला कळलेली गोष्ट समोरच्याच्या तोंडून यावी लागते, त्याशिवाय ती टिकत नाही. पुढच्या काही भेटींत आम्ही त्या चाव्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिलो.

"दात रुतले त्या क्षणी काय वाटलं?"

"दुखलं."

"त्यानंतर?"

ती बराच वेळ गप्प. पंख्याकडे पाहत म्हणाली, "त्याला ढकलून द्यावंसं वाटलं."

"दिलंत?"

"छे! त्याचं डोकं धरलं, जबडा सैल होईपर्यंत हात हलवला नाही. ओढला तर जखम वाढते."

"म्हणजे राग आला, दुखत होतं, आणि तरी तुम्ही जे करायला हवं ते केलंत. मग बोचतंय काय?"

"राग आला हेच." आणि मग एका दमात, "मला कारण माहीत आहे मॅडम. त्याला का चावावं लागतं ते मीच शोधून काढलं, मीच तक्ता केला. एवढं कळत असूनही त्या लेकराचा राग येतो, म्हणजे मी त्या वर्गात उभं राहायच्या लायकीची नाही."

याच वाक्याची मी वाट पाहत होते. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली. 1955 च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली तेव्हापासून त्यांचं एक म्हणणं बदललं नाही : माणूस घटनेनं जितका मोडत नाही, तितका त्या घटनेवरून स्वतःविरुद्ध दिलेल्या निकालानं मोडतो. मीनलच्या बाबतीत चावा ही घटना, राग ही साहजिक भावना. 'मी लायक नाही' हा निकाल, आणि तो देण्याचा अधिकार तिला कुणीही दिलेला नव्हता.

मी विचारलं, "शेजारच्या वर्गात कोण आहे?"

"सुवर्णाताई."

"उद्या सुवर्णाताईंना कुणी चावलं आणि त्या तुम्हाला म्हणाल्या, मला त्याचा राग आला, तर त्यांना नालायक म्हणाल?"

"असं कसं म्हणेन? त्यांना आधी बसवेन, चहा देईन. दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला लावेन."

"तुम्ही घेतलंत?"

तिनं इंजेक्शन घेतलं नव्हतं. आधी ती हसली, मग ते हसू मोडलं आणि ती रडली, आणि रडतारडता म्हणाली, "मला सोहमचा राग येतो." हे वाक्य तिनं आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं असावं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं नाक पुसत तिनंच पुढचं जोडलं, "आणि सोमवारी त्याला पोळी तोडायला मीच शिकवणार आहे." इतक्या वर्षांत मी पुष्कळ जणांना रडताना पाहिलं आहे, पण दोन्ही गोष्टी एका श्वासात, एकीनं दुसरीला खोटं न ठरवता बोलणारी माणसं थोडी. त्या दिवशी तिला काही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

आता थोडं त्या 'पुण्या'बद्दल. दरवर्षी 3 डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, पाहुणे शाळेत येतात, बिस्किटं वाटतात आणि माइकवर सांगतात की या शिक्षकांत आम्हाला देव दिसतो. समोर बसलेल्यांपैकी काहींचा पगार दोन-तीन महिने झालेला नसतो. कौतुक मनापासूनचं असेलही, पण देव केलेल्या माणसाला कंबर दुखते असं सांगता येत नाही. त्याला किळस येऊ शकत नाही, कंटाळा येऊ शकत नाही, जास्त पैसे तर मागताच येत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एकीला शौचाचं प्रशिक्षण देताना मळमळायचं आणि त्याची तिला इतकी लाज होती की ती डबा न खाता शाळेत जायची. मळमळ नाकाची असते, तिचा मनाच्या मोठेपणाशी संबंध नाही. हातमोजे, मास्क आणि "आज तुझी पाळी, उद्या माझी" अशी वाटणी झाली आणि तिचं जेवण सुरू झालं.

सेवेच्या कामात माणूस असा आतून संपून जातो त्याला 'बर्नआउट' म्हणतात. या अवस्थेचं पहिलं नीट वर्णन 1974 साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञानं केलं. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात तो स्वतः स्वयंसेवक होता आणि सगळ्यांत आधी कोण कोसळतं ते त्यानं तिथंच पाहिलं : जीव ओतणारे, सेवाभावी लोक. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात याची तीन लक्षणं दिली आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तिथं याला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणाचा परिणाम म्हटलं आहे. 'मी निबर झाले का' असं विचारणाऱ्या प्रत्येकीला मी हे दाखवते. मन तुटणं हे थकव्याचं लक्षण आहे, ते तुमच्या स्वभावाचं प्रमाणपत्र नव्हे.

तर करायचं काय? चावा, ओरखडा, उचलताना कंबरेत भरलेली उसण, हे सगळं त्याच दिवशी शाळेच्या नोंदवहीत तारखेसह लिहा. त्यात मुलाची तक्रार नसते. कुठल्या वेळी, कशानंतर झालं हे लिहिलं गेलं तरच त्याच्यासाठीही काही बदलता येतं. मीनलनं लिहायला सुरुवात केल्यावर सोहमला प्रार्थनेच्या वेळी बाहेर व्हरांड्यात बसवायचं ठरलं. कातडी फुटली असेल तर जखम साबण-पाण्यानं भरपूर धुऊन डॉक्टरांना दाखवायची, यात भिडस्तपणा नको. वाढलेल्या मुलाला व्हीलचेअरवरून एकटीनं उचलू नका, मग तो कितीही "आपला" असो. चाळिशीतच मणक्याचं दुखणं घेऊन बसलेल्या शिक्षिका मी पाहते.

शाळा आणि घर यांच्यामध्ये थोडा वेळ असा काढा, जो कुणाच्याच मालकीचा नाही. मीनल घरी जाण्याआधी एक स्टॉप अलीकडे उतरून चालत जाते. सासूबाई आधी कुरकुरल्या, आता विचारत नाहीत. घरात शिरल्यावर ती मुलीला सांगते, "आज मी दमलेय, गणित साडेसातला." मुलांना हे कळतं. बारा वर्षांच्या मुलीला आईचा थकवा समजतो, तिला न समजणारी गोष्ट म्हणजे कारण नसलेली थप्पड. मीनलनं मुलीची माफी मागितली आणि हातावरची खूणही दाखवली. दुसरी गोष्ट मी सुचवली नव्हती, ती तिची.

मुलांच्या प्रगतीवर स्वतःचे गुण लावू नका, हे मला वारंवार सांगावं लागतं. वर्षभर शिकवलेलं कौशल्य दिवाळीच्या सुट्टीत पुसलं जातं, आकडीचं एक सत्र सहा महिन्यांची मेहनत मागे नेतं. वैयक्तिक शैक्षणिक योजना मुलासाठी असते, तिचा निकाल तुमच्या नावावर लागत नाही. आणि काही मुलं जातात. ड्युशेनसारख्या स्नायूंच्या आजाराचं मूल वर्गात असेल तर चालता येणारा मुलगा खुर्चीत बसताना आणि पुढे त्याची जागा रिकामी होताना शिक्षिकेला पाहावं लागतं. अशा एका मुलाच्या दहाव्याला "तुमचा काय संबंध" असं ऐकून परत आलेल्या शिक्षिकेला मी ओळखते. आठ वर्षं रोज ज्याला घास भरवला त्याचं सुतक तिला नव्हतं, रजाही नव्हती. शाळांनी अशा वेळी अर्धा तास तरी सगळ्यांनी एकत्र बसून त्या मुलाबद्दल बोलावं. खर्च काही येत नाही.

झोप उडाली असेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर चालणं आणि नोंदवही पुरणार नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे जा. तेही जमत नसेल तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

आणि विवेकनिष्ठ विचाराची कितीही पुरस्कर्ती असले तरी हे म्हणायलाच हवं की सगळा थकवा डोक्यात नसतो. सामान्य शाळांतल्या दिव्यांग मुलांसाठी प्राथमिकला 10 आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण केंद्र सरकारनं 2022 मध्ये जाहीर केलं, तेही सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये कान उपटल्यावर. तालुकाभर शाळा वाटून घेऊन दुचाकीवर फिरणाऱ्या, वर्षानुवर्षं कंत्राटावर असलेल्या शिक्षिकेला मी फक्त विचार बदलायला सांगितलं तर ती माझी लबाडी होईल. तिनं विचार बदलायचा तो एवढ्यासाठी की स्वतःला दोष देण्यात जाणारी ताकद मागणी करण्यासाठी उरावी. काही जणी नोकरी सोडतात. माझ्या सल्ल्यानंतर सोडणाऱ्याही आहेत, आणि त्यांतल्या एकीचंही मला वाईट वाटलेलं नाही.

मीनलनं सोडली नाही. तिनं संस्थेकडे वर्गासाठी दुसऱ्या मदतनीस बाईंची लेखी मागणी केली, जोडीला नोंदवहीतल्या नोंदींची प्रत. सचिवांनी निधी नाही असं सांगितलं. तिनं पालकसभेत तो विषय काढला तेव्हा सगळ्यांत आधी उभी राहिली ती सोहमची आई. सध्या मदतनीस बाई दुपारच्या जेवणापासून शाळा सुटेपर्यंत येतात. सकाळच्या वेळेसाठी दुसरा अर्ज गेला आहे.