अपघात कुठे होणार, हे एआयला आधीच कळू शकतं का? नागपुरात असं काही झालंय का?

अमुक दिवशी अमुक गाडी धडकेल, असं नाही कळत. धोका कुठे साचतोय, हे मात्र कळतं, आणि नागपुरात ते करून पाहिलंय. सप्टेंबर २०२१ मध्ये इथे 'आयरास्ते' प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, सीआरआरआय (केंद्रीय रस्ते संशोधन संस्था), महिंद्रा आणि आपली महानगरपालिका त्यात एकत्र होते.

आपल्याकडे ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणारी जागा, ठरतो कसा? साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत ५ गंभीर अपघात किंवा १० मृत्यू झाले की. म्हणजे आधी माणसं जायची, मग फलक लागायचा. मला हे फार लागतं.

इथे उलट केलं. महापालिकेच्या बसमध्ये पुढे एआयवर चालणारा कॅमेरा. समोरचं वाहन फार जवळ आलं, कुणी पादचारी आडवा आला की ड्रायव्हरला लगेच इशारा मिळतो. त्या प्रत्येक इशाऱ्याची जागा आणि वेळही नोंदली जाते. एकाच वळणावर रोज इशारे वाजत असतील, तर तिथे अजून अपघात झालेला नसला तरी तो 'ग्रे स्पॉट'. मग गतिरोधक, पट्टे, दिवे, जे हवं ते वेळेत करता येतं.

यात पोलिसांची अपघात-नोंद (देशभरात त्यासाठी ई-डार ही सरकारी ऑनलाइन नोंदप्रणाली आहे) आणि रुग्णालयांची माहिती जोडली की अंदाज पक्का होतो. एक उणीव आहेच: बस जात नाही त्या गल्लीबद्दल बसचा कॅमेरा काहीच सांगू शकत नाही.